शेळी सोपी, पण सांभाळतंय कोण?

नोकरी सोडायची, गावी जायचं, शेड टाकायची आणि मस्त शेळीपालन करायचं... आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रोज कुणीतरी हे स्वप्न बघतच असतं. माझ्या मामेभावाने ते नुसतं बघितलं नाही, त्याची एक्सेल शीटही बनवली. त्या शीटमध्ये एकच रकाना चुकला होता. तो सापडायला आम्हाला अकरा शेळ्या गमवाव्या लागल्या!

"ताई, हे बघ."

माझ्या मामेभावाचा मेसेज नेहमी असाच येतो. पुढे कधी जोक असतो, कधी फ्लॅटची जाहिरात. त्या दिवशी व्हिडिओ होता. हिरवंगार कुरण, पांढरं कुंपण आणि त्यात माणसाच्या कमरेएवढ्या उंचीच्या, गुबगुबीत, काळ्याभोर गाई. खाली लिहिलेलं... कमी जागा, कमी चारा, कमी कटकट, भरपूर नफा!

हा माझा भाऊ हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वय सव्वीस. पॅकेज बरं, पण ट्रॅफिकमध्ये रोजचे तीन तास जातात आणि मॅनेजर रात्री अकराला कॉल लावतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्याला गाव आठवतं. आमचं गाव म्हणजे माझं आजोळ, केज तालुक्यातलं. केजहून धारूरच्या रस्त्याला लागलं की बालाघाटाच्या उघड्याबोडक्या टेकड्या दिसायला लागतात, तिथलंच.

"आपली सहा एकर पडूनच आहे गं. असल्या छोट्या गाई आणल्या तर?"

मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे घरातल्या कुणालाही काहीही शोधून हवं असेल, तर ते फुकटात शोधून देणारी व्यक्ती! लागले कामाला.

छोटी गाय, मोठी गोष्ट

व्हिडिओतल्या गाई निघाल्या 'लोलाइन' जातीच्या. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी इथल्या संशोधन केंद्रात १९७४ मध्ये अँगस गाईंवर एक प्रयोग सुरू झाला. झपाट्याने वाढणाऱ्यांचा एक कळप आणि सावकाश वाढणाऱ्यांचा दुसरा. बघायचं होतं, चाऱ्याचा चांगला उपयोग कोण करतं. पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली आणि सावकाश वाढणाऱ्यांच्या कळपातून ही बुटकी जात तयार झाली. आयर्लंडची डेक्स्टरही तशीच. दोन-चार एकरांची हौशी शेती करणाऱ्या तिकडच्या लोकांना या गाई आवडतात, कारण कुंपण साधं चालतं, चारा कमी लागतो आणि घरच्या फ्रीजरला पुरेल एवढंच मांस मिळतं.

आपल्याकडेही बुटक्या गाई आहेत. केरळची वेचूर, आंध्रची पुंगनूर. जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीला पंतप्रधानांचे पुंगनूर गाईंना चारा घालतानाचे फोटो आले आणि ही गाय एकदम सेलिब्रिटी झाली. पण या गाई दुधासाठी आणि हौसेसाठी पाळल्या जातात. मांसासाठी नाही.

आणि महाराष्ट्रात तर तो प्रश्नच उरत नाही. गाईच्या कत्तलीवर आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने बंदी आहेच. २०१५ मध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल-वळूही त्यात आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं. म्हशी या बंदीच्या बाहेर आहेत. कायदा बरोबर की चूक, या वादावर मित्रांची आख्खी रात्र जाते. शेतकऱ्यापुरतं बोलायचं तर साधी गोष्ट आहे. पूर्वी दुष्काळात म्हातारा बैल विकून चार पैसे हाती यायचे. ती वाट बंद झाली, बैल दावणीलाच राहिला आणि कडबा खात राहिला.

भावाला म्हटलं, "गाई विसर. छोटं, काटक, कमी खाणारं आणि मांसासाठी विकता येणारं जनावर तुला हवंय ना? ते तुझ्या अंगणातच बांधलेलं आहे."

काळी, काटक, जुळी देणारी

उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं. धाराशिव, लातूर, बीड, परभणी, सोलापूर, अहिल्यानगर हा तिचा मुलूख. म्हणजे केज अगदी तिच्या माहेरात! बहुतेक शेळ्या काळ्याभोर असतात. काहींच्या कानावर किंवा अंगावर पांढरे ठिपके. मोठी शेळी साधारण बत्तीस किलोची. आपल्या जिमच्या भाषेत सांगायचं तर सोळा-सोळा किलोचे दोन डंबेल्स!

पण तिची ताकद वजनात नाही, वेगात आहे. गाभण काळ फक्त पाच महिने. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं. त्यात जुळी होण्याचं प्रमाण चांगलं. म्हशीला दहा महिने लागतात आणि ती एकच रेडकू देते. शिवाय शेळीला कडब्याची पेंडी लागत नाही. बाभळीचा पाला, बोरीचा पाला, शेवरी, सुबाभूळ, वाळलेल्या बाभळीच्या शेंगा, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट... जे दुसरं जनावर बघतही नाही, ते ती मागच्या दोन पायांवर उभी राहून ओरबाडते. एका गाईच्या चाऱ्यात पाच-सहा शेळ्या भागतात, असं आमच्याकडे म्हणतात.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ६ लाखांच्या आसपास शेळ्या होत्या. त्या कुणा बड्या फार्महाउसमध्ये नाहीत. बहुतेक दोन-दोन, चार-चार अशा अंगणात बांधलेल्या आहेत. केज, धारूर, वडवणी या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतात, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. घरी राहते म्हातारी, शाळेतली लेकरं आणि शेळ्या. लेकरू आजारी पडलं, वह्या घ्यायच्या, पाहुण्यात लग्न निघालं, की एक बोकड बाजारात जातो. अर्धी म्हैस विकता येत नाही. दहातली एक शेळी विकता येते.

हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. माझ्या मास कॉमच्या पहिल्या वर्षाची फी भरायला पैसे कमी पडले, तेव्हा आजीने दोन बोकड विकून आईच्या हातात नोटा ठेवल्या होत्या. पुण्याच्या कॉलेजात मीडिया एथिक्सचं पहिलं लेक्चर मी त्या बोकडांच्या जिवावर ऐकलं!

एकवीस लाखांची शीट

भावाला आयडिया पटली. इतकी, की आठवड्यात शीट तयार. शंभर शेळ्या, पाच बोकड. राष्ट्रीय पशुधन अभियानात अशा युनिटला भांडवली खर्चाच्या निम्मं अनुदान आहे. शंभर अधिक पाचच्या युनिटला कमाल दहा लाख. उरलेलं बँकेचं कर्ज आणि त्याचा पीएफ.

शीटमधलं गणित असं. दोन वर्षांत तीन वेतं, दर वेताला दोन करडं, म्हणजे शंभर शेळ्यांची वर्षाला तीनशे करडं. एक करडू सात हजारांना. झाले एकवीस लाख! मरतूक... शून्य. मजुरी या रकान्यापुढे लिहिलेलं... 'घरचे'. आणि आकडा... शून्य.

"खूप सोपंय ताई. शेळीला मेंटेनन्सच नसतो."

त्या दिवाळीत आम्ही दोघं एसटीने केजला गेलो. मामीकडे तेव्हा सात शेळ्या होत्या. त्यातली म्हातारी 'चांदी' आजीची खास लाडकी. तिच्या कपाळावर चांदणी होती. मी दोन दिवस फक्त बघत बसले. पत्रकार काहीच करत नाही असं घरच्यांना वाटतं, ते खरंच वाटावं असे दोन दिवस!

मामी पाचला उठते. लेंड्या झाडते, गोठ्यात चुना भुरभुरते. करडं डालग्यातून काढून आयांना लावते. जुळ्यातलं एखादं दुबळं असेल तर त्याला धरून पाजते. भुसकट टाकते. पाणी शेंदते. मग स्वयंपाक. अकराच्या आसपास आजी काठी घेऊन शेळ्या माळावर नेते आणि तीन-चार तासांनी आणते. दुपारी मामी बांधावरून शेवरी छाटून आणते, भारा डोक्यावर. संध्याकाळी पुन्हा पाला, पुन्हा पाणी, पुन्हा करडं. रात्री एखादी विणार असेल तर मामी गोठ्यातच आडवी होते.

"मामी, शेळ्या सांभाळणं सोपं असतं का गं?"

"सोपंच की," मामी म्हणाली. "त्याला काय लागतंय? माणूस घरात असलं की झालं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ मला तीन महिन्यांनी कळला.

पायलट प्रोजेक्ट

कर्जाआधी ट्रायल घ्यावी म्हणून भावाने स्वतःच्या बचतीतून वीस शेळ्या आणल्या. एका फार्मवाल्याकडून, फोटो बघून, फोनवर व्यवहार करून. टेम्पो रात्रभर चालून पहाटे आला. 'लस झालेली आहे' असं तोंडी सांगण्यात आलं. कागद नव्हता. भाऊ शेळ्या उतरवून, मामीला 'जरा बघ' म्हणून, रविवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला परत. सोमवारी त्याचं रिलीज होतं.

सहाव्या दिवशी एका शेळीच्या नाकातून शेंबूड यायला लागला. मग ताप, मग तोंडात फोड, मग हगवण. मामीने फोन केला तेव्हा भाऊ मीटिंगमध्ये होता. त्याने दोन तासांनी फोन केला तेव्हा मामी डॉक्टरांकडे गेलेली. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, पीपीआर. विषाणूचा रोग आहे. त्याच्यावर नेमकं औषध नाही. प्रतिजैविकं आणि सलाइन देऊन बरोबरचे आजार आवरता येतात, एवढंच. पण लस आहे आणि एका लसीने साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. शिवाय नव्या शेळ्या निदान तीन आठवडे जुन्यांपासून लांब बांधायच्या असतात. आम्ही त्या पहिल्याच रात्री एकाच गोठ्यात कोंबल्या होत्या.

वीसपैकी आठ गेल्या. मामीच्या सातपैकी तीन. त्यात चांदी.

भाऊ शुक्रवारी पोचला. मामी त्याला काहीच बोलली नाही. तो माझ्याशी फोनवर बोलला, तो आवाज मी विसरणार नाही. "ताई, माझे पैसे गेले ते जाऊ दे. आजी जेवत नाहीये."

मामा मात्र बोलले. "तुझं ते कंप्युटरवर मेलेलं दिसत नाही. हितं खड्डा खांदावा लागतो."

मग आम्ही खरी शीट केली

महिनाभराने आम्ही दोघं पुन्हा लॅपटॉप घेऊन बसलो. या वेळी अंगणात, मामीला शेजारी बसवून. शंभर शेळ्या नाही, दहा धरल्या. राज्य सरकारच्या योजनेतही गट दहा शेळ्या आणि एका बोकडाचाच असतो. २०२१ च्या दराप्रमाणे उस्मानाबादी शेळी ८ हजार, बोकड १० हजार आणि विमा धरून गटाची किंमत १,०३,५४५ रुपये. खुल्या गटाला निम्मं अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के.

दहा शेळ्या, दोन वर्षांत तीस वेतं. सरासरी दीड करडू धरलं तर पंचेचाळीस. मामी म्हणाली, पहिलटकरणीला एकच होतं, एखादी उलटते, थंडीत करडं दगावतात. छत्तीस धर. म्हणजे वर्षाला अठरा. दोन पाठी घरात ठेवायच्या, कारण म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी कुणीतरी हवं. विकायला सोळा. सहा-सात महिन्यांचं करडू सहा हजारांना धरलं तर वर्षाला ९६ हजार.

खर्च. रोज प्रत्येकी पाव किलोच्या आत खुराक, तरी वर्षाला वीस हजार. भुसकट आठ हजार. लस, जंताचं औषध, चाटण विटा, विमा मिळून पाच हजार. एकूण ३३ हजार. उरले ६३ हजार. भाऊ खूश. "बघ, निघतंय की!"

मी म्हटलं, आता 'घरचे' या रकान्यात आकडा टाक.

आम्ही मामीचे तास मोजले. आजीचं चारणं सोडून, फक्त मामीचे. दिवसाला साडेतीन तास. वर्षाचे जवळपास १,२७५. आमच्याकडे खुरपणीला बाईचा रोज ३०० धरला आणि काम सहा तासांचं, तर तासाला ५० रुपये. गुणाकार केला. ६३,७५० रुपये.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. एकवीस लाखांपासून सुरू झालेली शीट उणे साडेसातशे रुपयांवर आली होती! म्हणजे शेळीपालनातला जो 'नफा' आपण म्हणतो, तो बहुतेक घरात मामीची मजुरीच असतो. ती कुणी तिला देत नाही, म्हणून ती नफ्यासारखी दिसते. शेळीला मेंटेनन्स नसतो असं नाही. तो करणाऱ्या बाईचं बिल येत नाही.

मामी हसली. "एवढा माझा पगार होतो व्हय?"

मग धंदा तोट्याचा का? नाही. इथे गणिताची दुसरी बाजू येते. केजला वर्षाचे ३६५ दिवस खुरपणीचा रोज मिळत नाही. उन्हाळ्यात तर महिना महिना काम नसतं. अशा वेळी घरच्या घरी रोजगार उभा करणारं दुसरं जनावर नाही. शिवाय दहा शेळ्यांना साडेतीन तास लागतात म्हणून पंचवीस शेळ्यांना नऊ तास लागत नाहीत. पाच-सहा तासांत होतं. चारायला एकच माणूस लागतं. लेंडीखत शेतात जातं, रासायनिक खताची एखादी गोणी वाचते. म्हणजे नफा आहे, पण तो वीस-पंचवीसच्या आसपास दिसायला लागतो आणि माळावरचा पाला पुरतो तोवरच.

शंभरावर गेलात की माळ पुरत नाही. मोठ्या शेळीला बंदिस्त ठेवलं तर दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो. शंभर शेळ्यांना तीन-चार क्विंटल, रोज! त्यासाठी पाण्याखालचं शेत हवं. आणि हा केज तालुका आहे. मांजरा धरण याच तालुक्यात, धनेगावला. २०१६ मध्ये ते इतकं आटलं की त्याच्यावर जगणाऱ्या लातूर शहराला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आमच्या विहिरीचं काय घेऊन बसलात! २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या लागल्या, पण तिथे प्रामुख्याने गाई-बैल-म्हशी. शेळ्या माळावरच जगल्या. कारण त्या थोड्या होत्या.

छोटं जनावर फायद्याचं, ते छोट्या संख्येत आणि घरातलं माणूस जागेवर असेल तर. परदेशातल्या त्या बुटक्या गाईंचंही गुपित हेच असावं. कुरणाच्या कडेला राहणारा मालक व्हिडिओत दिसत नाही.

तुम्हालाही करायचंच असेल, तर...

• आधी ठरवा, जागेवर कोण राहणार. उत्तर 'आई बघेल' असेल, तर आईला विचारा. आणि तिचा पगार ठरवा. शेळ्या विकल्याचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार, तेही.

• शंभरापासून नाही, दहापासून सुरुवात करा. एक वर्ष, सगळे ऋतू बघा. शेळीचे पहिले शत्रू पावसाळ्यातला ओला गोठा आणि थंडीतली हवेची झुळूक.

• शेळ्या फोटोवरून घेऊ नका. दात बघा, कास बघा, लसीकरणाचा कागद बघा. आपल्याच भागातल्या घेतल्या तर त्यांना हवा-चारा नवा नसतो. शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र अंबाजोगाईलाही आहे. तिथे जाऊन या.

• नवी शेळी तीन आठवडे वेगळी. नो एक्स्क्यूज! पीपीआरची लस तीन वर्षांतून एकदा, आंत्रविषाराची दरवर्षी पावसाळ्याआधी, जंताचं औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. तारखा मोबाइलमध्ये टाका. हे काम पुण्यात बसूनही होतं.

• गोठ्यावर पैसे उधळू नका. शेळीला साधारण दहा चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार पुरतं. आर्किटेक्ट लागत नाही!

• विमा उतरवा. कानातला बिल्ला पडला तर दावा अडकतो, त्यामुळे तो रोज बघा.

• विक्रीचं कॅलेंडर ठेवा. आखाडात मागणी चढते, श्रावणात पडते. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेला, निरोगी, अंगात खोट नसलेला बोकड लागतो आणि त्याला भाव वेगळाच मिळतो. म्हणजे ईदच्या बोकडाची तयारी वर्षभर आधी सुरू होते.

• अनुदान बघून धंदा करू नका. धंदा जमला तर अनुदान घ्या.

आधी वजन

त्याला आता दोन वर्षं होतील. भावाने कर्ज घेतलं नाही आणि नोकरीही सोडली नाही. उरलेल्या सोळा शेळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. आज चोवीस आहेत आणि एक बोकड. दर महिन्याच्या पाच तारखेला तो मामीच्या खात्यात पाच हजार रुपये पाठवतो. नावापुढे 'पगार' असं लिहितो. पहिल्या महिन्यात मामी बँकेत जाऊन विचारून आली, ही एंट्री चुकून तर नाही ना!

पहिलं वर्ष तोट्यात गेलं. दुसऱ्या वर्षी सगळा खर्च आणि मामीचा पगार वजा जाऊन हातात काहीतरी उरलं. किती? भावाच्या पुण्यातल्या एका महिन्याच्या पगारापेक्षा थोडं कमी. कॅन्टीनमधल्या मित्रांना तो हा आकडा सांगतो, तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. ते पुढे विचारत नाहीत.

गेल्या वेळी मी केजला गेले तेव्हा दारात व्यापारी आला होता. आमच्याकडे बोकड अजूनही उक्ता विकतात. व्यापारी पाठीवर हात फिरवतो, कंबर दाबतो आणि भाव सांगतो. मामा नेहमी त्यावर पाचशे वाढवून घ्यायचे आणि व्यवहार मिटायचा. त्या दिवशी मामा घरात नव्हते.

व्यापाऱ्याने बोकड चाचपला. "मावशे, साडेपाच देतो."

मामी आत गेली. भावाने पुण्याहून आणलेला ताणकाटा घेऊन आली. तुळईच्या आकड्याला अडकवला, बोकड पोत्याच्या झोळीत घातला आणि म्हणाली, "आधी वजन."

एकवीस किलो भरला. व्यापारी माझ्याकडे बघून म्हणाला, "ही पुण्याची पोरगी शिकवती का तुमाला?"

"ती कामून शिकवील," मामी म्हणाली. "तिची फी बोकडानं भरली."

व्यवहार साडेसातला झाला. मामीने नोटा मोजल्या, पदराला बांधल्या आणि पाणी शेंदायला गेली. चारला शेळ्या परत येणार होत्या.